‘नवरो’ आणि ‘नवरा’: एका हलक्याफुलक्या कादंबरीच्या बाजूने

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत गेल्या आठवड्यात बडोद्यात घडणाऱ्या एका नव्या मराठी कादंबरीचे परीक्षण आले होते. लग्नाचे जेवण करणारा दिगंबर आणि मांडव घालणारा केतन या दोन पुरुषांच्या प्रेमाची ही २२४ पानांची गोष्ट. विषय एवढा नाजूक आणि लेखकाने तो हसण्यावारी नेला, ना दुःख ना संघर्ष, शेवटी सगळे गोडच गोड, असा परीक्षणाचा सूर होता. मला तो पटला नाही. ‘मला कादंबरी आवडली’ एवढे म्हणून त्याला उत्तर होत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

हलकीफुलकी प्रेमकथा हा एक ठरलेला घाट आहे. दोन माणसे, मधोमध प्रेमाचा धागा आणि शेवट गोड. हा शेवट वाचकाला पहिल्या पानाआधीच ठाऊक असतो. त्यामुळे ‘पुढे काय होणार’ ही उत्सुकता लेखकाच्या हाती नसते, ‘कसे होणार’ एवढीच उरते आणि तिच्यावर दोनशे पाने ओढायची असतात. शेवट गोड आहे म्हणून अशा कादंबरीला नावे ठेवणे म्हणजे दहीभात तिखट नाही म्हणून पान सारण्यासारखे आहे. तो गोडवा कमावलेला आहे की फुकटचा, हे विचारावे.

ते तपासायची जागा बहुतेक प्रेमकथांत एकच असते. साधारण तीन चतुर्थांश पुस्तक झाले की दोघांची ताटातूट होते. दहापैकी आठ पुस्तके इथेच गळपटतात, कारण ताटातुटीला निमित्त म्हणून एखादा गैरसमज आणलेला असतो. अर्धवट ऐकलेले बोलणे किंवा भलत्याच्या हाती पडलेला निरोप. एक फोन केला असता तर मिटले असते, हे वाचकाला दिसत असते आणि तो चिडतो. या कादंबरीत ताटातूट पान १६८ वर येते आणि तिला गैरसमजाची गरज लागत नाही. केतनने आपल्या घरी सगळे सांगितले आहे. दिगंबरने सांगितलेले नाही आणि आई आहे तोवर सांगायचेही नाही असे त्याने ठरवले आहे. दोघांचेही आपापल्या जागी बरोबर आहे. कितीही बोलले तरी हे सुटत नाही, उलट बोलण्यानेच ते उघडे पडते. पुढची चाळीस पाने त्यामुळे पेलली जातात. परीक्षणकारांना संघर्ष दिसला नाही, कारण त्यात मारहाण नाही. एका स्वयंपाकघरात दोन माणसे मोठ्याने न बोलता भांडतात, तो संघर्ष त्यांच्या नजरेतून निसटला.

आता भाषेकडे येतो. या कादंबरीचे खरे कसब तिथे आहे आणि परीक्षणात त्यावर एक ओळही नव्हती.

दोन पुरुषांची प्रेमकथा मराठीत लिहायला बसले की पहिली अडचण व्याकरणाची येते. स्त्री-पुरुषाच्या गोष्टीत ‘त्याने तिचा हात धरला’ लिहिले की काम झाले. इथे ‘त्याने त्याचा हात त्याच्या खांद्यावर ठेवला’ असे वाक्य होते. तीन वेळा ‘तो’, आणि कोण कुठला ते कळायला मार्ग नाही. एरवी मराठीत क्रियापद आपल्या मदतीला येते, ‘म्हणाला’ आणि ‘म्हणाली’ यांवरून माणूस ओळखता येतो. इथे दोघेही ‘म्हणाला’च. मग होतकरू लेखक ‘तो उंच तरुण’, ‘तो गोरा तरुण’, ‘तो मांडववाला’ अशी लेबले चिकटवत सुटतो आणि वीस पानांत वाचक कंटाळतो.

या लेखकाने तीन साधे नियम पाळले आहेत. पहिला, प्रत्येक प्रकरण एकाच्याच नजरेतून सांगायचे. दिगंबरच्या प्रकरणात ‘तो’ म्हणजे नेहमी केतन. दिगंबर स्वतः नावाने येतो किंवा वाक्यात कर्ताच नसतो. मराठीत कर्ता गाळता येतो, ‘उठला, बंब पेटवला, चहा टाकला’ असे चालते. ही सोय त्याने पुरेपूर वापरली आहे. दुसरा नियम ‘आपला’ या शब्दाचा. ‘त्याने आपला हात त्याच्या खांद्यावर ठेवला’ म्हटले की गोंधळ संपतो. तिसरा नियम नावांचा. दिगंबर आणि केतन ही नावे सुरुवातीच्या अक्षरापासून लांबीपर्यंत कुठेच सारखी नाहीत, त्यामुळे संवाद भराभर वाचतानाही डोळा अडखळत नाही. रमेश आणि राजेश ठेवले असते तर पुस्तक बुडाले असते. नियम मोडला आहे तो पान १३१ वर एकदाच. गच्चीवरच्या प्रसंगात दोन परिच्छेद कोण बोलतो आहे तेच कळत नाही. नेमका तिथेच पहिला स्पर्श आहे, म्हणून ते जास्त खटकते.

त्यापुढची गोष्ट ‘तुम्ही’ आणि ‘तू’ची. धंद्यातली ओळख, म्हणून दोघे ‘तुम्ही’वर सुरू होतात. केतन गुजराती, तो मराठी बोलताना मधूनच ‘तमे’ म्हणतो. ‘तू’वर कोण आधी येणार यावर लेखकाने साठ पाने वाट पाहायला लावली आहे, आणि अखेर ‘तू’ येतो तो भांडणात येतो. पण खरा कळस ‘आपण’ या शब्दाचा आहे. मराठीत ‘आम्ही’ म्हटले की ऐकणारा बाहेर राहतो आणि ‘आपण’ म्हटले की तो आत येतो. गुजरातीतही ‘अमे’ आणि ‘आपणे’ यांत हाच भेद आहे. हिंदीत ‘हम’ म्हणून दोन्ही भागते, तिथे हा प्रसंग लिहिताच आला नसता. अर्धी कादंबरी ‘आम्ही जेवणवाले, तुम्ही मांडववाले’ अशी हिशेबाची भाषा चालते. मग पान ११२ वर, रात्री साडेबाराला, बांबू मोजता मोजता केतन विचारतो, “उद्या आपण कुठं?” दिगंबर आकडा विसरतो आणि बांबू पहिल्यापासून मोजायला घेतो. एवढेच. ‘माझे तुझ्यावर प्रेम आहे’ हे वाक्य सबंध पुस्तकात नाही आणि त्याची उणीवही भासत नाही.

बडोद्याच्या मराठी माणसाला ‘नवरो’ची गंमत वेगळी सांगायला नको. महाराष्ट्रातल्या वाचकांसाठी सांगतो: गुजरातीत ‘नवरो’ म्हणजे रिकामा, ज्याला काम नाही असा. ‘आजे हुं नवरो छुं’ म्हणजे ‘आज मी मोकळा आहे’. इथल्या मराठी घरांत या शब्दावर पिढ्यान्‌पिढ्या हसणे झाले आहे. कादंबरीत केतनचा पहिला फोन येतो तेव्हा दिगंबरची आत्या शेजारीच डाळ निवडत बसलेली असते. फोनमधून मोठ्याने ऐकू येते, ‘दिगंबरभाई, काले हुं नवरो छुं!’ आत्या म्हणते, “कुणाचा रे?” वाचक हसतो आणि विसरून जातो. पुढे पान २११ वर, सगळे निवळल्यावर, हेच वाक्य आत्याच स्वतः म्हणते आणि तिने ते कोणत्या भाषेत म्हटले हे लेखक सांगत नाही. दोनशे पाने आधी पेरलेला विनोद तिथे उगवतो. असा विनोद जमवायला लागणारी मेहनत गंभीर लेखनाहून कमी नसते.

लेखकाला काम ठाऊक आहे, हेही सांगायला हवे. अशा कादंबऱ्यांत नायकाचा व्यवसाय बहुधा नावापुरता असतो. इथे मठ्ठ्याचे एक प्रकरण आहे. ३०० माणसांचे लग्न, मुहूर्त ११ वाजून ४७ मिनिटांचा, पंगत साडेबाराला. हिशेब माणशी २०० मिलीलिटरचा, म्हणजे ६० लिटर मठ्ठा. त्याला २० किलो दही, दुप्पट पाणी, अर्धा किलोच्या आतबाहेर मीठ, आले, हिरवी मिरची, जिरे, कोथिंबीर. दिगंबरची स्टीलची पिंपे दुसऱ्या लग्नात अडकलेली, म्हणून केतन प्रेमाने आपल्या गोदामातले मोठे पितळी पातेले घासून चकचकीत करून आणतो. त्याची कल्हई उडालेली आहे हे त्याला कळत नाही, कारण तो मांडववाला. ताकाच्या आंबटपणाने पितळेतले तांबे उतरते आणि आड येणारा कथलाचा थर उरलेला नसतो. पहाटे पाचला घुसळलेला मठ्ठा साडेनऊला कळकतो, कडेने हिरवट झाक येते. असा मठ्ठा नुसता बेचव नसतो, त्याने उलट्या होतात. दिगंबर चव घेतो, थुंकतो आणि साठच्या साठ लिटर मोरीत ओततो. केतनला तो एक शब्द बोलत नाही. केतन स्कूटर काढतो आणि मांडवीपासून रावपुऱ्यापर्यंत पाच डेअऱ्या पालथ्या घालून दही गोळा करतो. पंगत दहा मिनिटे उशिरा बसते. प्रेम म्हणजे काय ते मला त्या दहा पानांत दिसले: न बोललेला शब्द आणि पाच डेअऱ्या. भांड्याच्या कल्हईबद्दल ज्याला माहिती नाही त्याला हे प्रकरण लिहिता येणार नाही.

नवरात्राचे प्रकरण मात्र जाहिरातीसारखे झाले आहे. दिवे, घागरे, गर्दी. त्यात दोघेही हरवतात. ते गाळले असते तरी चालले असते.

हा विषय हसून सांगणे आपल्यात बसत नाही, असे परीक्षणकारांनी सुचवले आहे. बडोद्याच्या बाबतीत तरी हे खरे नाही. चिमणराव आणि गुंड्याभाऊ ज्यांनी मराठीला दिले ते चिं. वि. जोशी याच शहरात पाली भाषेचे प्राध्यापक होते, पुढे संस्थानचे दप्तरही त्यांनी सांभाळले. मध्यमवर्गीय घरातली फजिती कुणालाही न दुखवता कशी सांगावी, हे मराठीने त्यांच्याकडून शिकून घेतले आहे. चित्रकार भूपेन खख्खर यांनीही इथेच एका कारखान्याचे हिशेब लिहीत चित्रे काढली आणि १९८० च्या दशकात पुरुषांचे पुरुषांवरचे प्रेम उघडपणे रंगवले. त्या चित्रांत करुणा आहे तशी मिस्किलीही आहे. २००६ साली राजपीपळ्याच्या राजघराण्यातील मानवेंद्रसिंह गोहिल यांनी आपण समलिंगी असल्याचे जाहीर केले, तेही एका गुजराती दैनिकाच्या बडोदे आवृत्तीत. हा विषय या शहराला परका नाही, आणि विनोद तर नाहीच नाही.

मराठीत समलिंगी प्रेमावर गंभीर लेखन झाले आहे आणि ते मोलाचे आहे. विजय तेंडुलकरांच्या १९८१ च्या ‘मित्राची गोष्ट’ या नाटकाची नायिका अखेर आयुष्य संपवते. त्या काळात ते तसे लिहिणे हे धाडसच होते. पण एखाद्या वीस वर्षांच्या मुलाला आपल्याच भाषेत आपल्यासारख्याची गोष्ट वाचायची असेल आणि दर वेळी शेवटी मरण, आजार किंवा देशांतरच हाती येत असेल, तर त्याच्या मनावर काय ठसते याचा विचार व्हावा. ज्यात कुणीही मरत नाही असे निदान एक पुस्तक त्याच्या हाती पडायला हवे.

विनोदाचा प्रश्न एवढाच की हसू कशावर येते. तमाशातल्या नाच्यापासून कालच्या सिनेमापर्यंत आपण बायकी चालीवर आणि आवाजावर हसत आलो. या कादंबरीत चालीवर किंवा आवाजावर एकही विनोद नाही, मी मुद्दाम शोधला. हसू येते ते प्रसंगावर, आत्याच्या चौकशांवर, मुहूर्ताच्या गडबडीवर. शब्दांचीही काळजी घेतलेली आहे. केतन सहज ‘गे’ म्हणतो. आत्या वर्तमानपत्रातून उचललेला ‘समलिंगी’ जपून उच्चारते. शेजारी ‘तसला’ म्हणतात. दिगंबर शेवटपर्यंत ‘माझा मित्र’ एवढेच म्हणतो, पण शेवटच्या प्रकरणात तो ‘माझा’वर जोर देतो.

या कादंबरीवर माझे दोन गंभीर आक्षेप आहेत आणि परीक्षणात ते नव्हते याचे आश्चर्य वाटते.

पहिला पान ८८ वरच्या प्रसंगाबद्दल. दिगंबरचा फोन चुलत भावाच्या हातात पडतो, तो केतनचे निरोप सगळ्यांसमोर वाचून दाखवतो आणि लेखकाने तो हशाचा प्रसंग केला आहे. ज्याने सांगितलेले नाही त्याचे गुपित दुसऱ्याने फोडणे यात हसण्यासारखे काही नाही. अशा एका क्षणात माणसाचे घर सुटते, नोकरी जाते, मुलगी बघायचा तगादा सुरू होतो. याच लेखकाने पान १६८ वर सांगायचे की नाही हा दिगंबरचा हक्क मानून सगळी ताटातूट उभी केली आहे. मग ८० पाने आधी त्याच हक्कावर हशा कसा घेता येईल? निरोप वाचणारा भाऊ मधल्या ओळीला थबकतो, फोन उलटा ठेवतो आणि ‘जेवायला चला’ म्हणतो, एवढा बदल केला तरी प्रसंग हलका राहील आणि माणूसही राहील.

दुसरा आक्षेप शेवटाबद्दल. ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांमधले संमतीचे संबंध गुन्ह्यातून वगळले. पण १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालात समलिंगी विवाहाला मान्यता मिळाली नाही. म्हणजे जन्मभर दुसऱ्यांची लग्ने लावणाऱ्या या दोघांना स्वतःचे लग्न कायद्याने करता येत नाही. लेखकाने इथे मोठी सुरेख वाट काढली आहे. समलिंगी जोडीदारांना बँकेत संयुक्त खाते उघडायला आणि एकमेकांना नॉमिनी करायला आडकाठी नाही, असा खुलासा अर्थ मंत्रालयाने ऑगस्ट २०२४ मध्ये केला. त्याला धरून शेवटचे प्रकरण बँकेत घडते. दोघे रांगेत, फॉर्मवर ‘नाते’ हा रकाना, बाजूला पंख्याने उडणारी पावती. मांडव नाही, पंगत नाही, तरी ते लग्नच आहे हे वाचकाला समजते.

पण त्याच प्रकरणात बँकेचा कारकून म्हणतो, “नॉमिनी केलंत म्हणजे सगळं त्यांचंच.” हे चूक आहे आणि या वाचकवर्गाच्या बाबतीत घातक आहे. नॉमिनी म्हणजे वारस नव्हे. खातेदार गेल्यावर बँक नॉमिनीच्या हाती पैसे देते आणि बँकेची जबाबदारी संपते, पण त्या पैशांवरचा वारसांचा हक्क तसाच राहतो. दिगंबर अविवाहित, हिंदू. मृत्युपत्र न करता गेला तर कायद्याने पहिली वारस त्याची आई. ती नसेल तर वडील, मग भाऊबहीण. केतन त्या यादीत कुठेच नाही. संयुक्त खात्यातले पैसे हाती आले तरी गोदाम, भांडी, राहते घर यांवर त्याचा काडीचा हक्क राहणार नाही. यावर उपाय मृत्युपत्राचा. ते साध्या कागदावर चालते, मुद्रांक लागत नाही, नोंदणी सक्तीची नाही. लिहिणाऱ्याची सही आणि दोन साक्षीदारांच्या सह्या हव्यात, आणि साक्षीदारांनी त्याच्या समोर सही करायला हवी. नोंदणी केली तर पुढे वाद घालणाऱ्यांचे तोंड बरेचसे बंद होते, म्हणून करावी.

आणि पाहा, हे प्रकरणात किती सहज बसेल! विशेष विवाह कायद्याने लग्न लावायचे तर तीन साक्षीदार लागतात, मृत्युपत्राला दोन. एक आत्या आणि दुसरा मांडवावरचा म्हातारा मुकादम, जो कादंबरीभर सही करायचे टाळत अंगठा उठवत आला आहे. त्याने इथे पहिल्यांदा सही केली तर? ते पान लेखकाच्या हातचे आहे, त्याने ते लिहावे. प्रकाशकांना विनंती आहे की दुसऱ्या आवृत्तीत कारकुनाचे वाक्य तरी नक्की बदलावे. वाचक अशी वाक्ये खरी मानून चालतात.

शेवटी ग्रंथालयांना एक विनंती, कारण बडोदे हे ग्रंथालयांचे गाव आहे. सयाजीराव महाराजांनी १९१० साली अमेरिकेतून ग्रंथपाल बॉर्डन यांना बोलावून इथले मध्यवर्ती ग्रंथालय उभे केले आणि पेट्यांत पुस्तके भरून खेड्यापाड्यांत पाठवली. ही कादंबरी दाखल करताना कृपा करून तिला ग्रंथालयांच्या ड्यूई दशांश वर्गीकरणातल्या ३०६.७६६ वर, समाजशास्त्रातल्या समलैंगिकतेच्या क्रमांकावर टाकू नये, आणि टेबलामागच्या कपाटात तर मुळीच नको. ज्याला ती हवी आहे तो समाजशास्त्राच्या मांडणीकडे फिरकणार नाही आणि टेबलापाशी येऊन मागणार तर त्याहून नाही. तिचा क्रमांक ८९१.४६३, मराठी कादंबरी. बाकीच्या प्रेमकथांच्या रांगेत, लेखकाच्या आडनावाप्रमाणे, हाताला येईल अशी ठेवावी.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक वाचक
दांडिया बाजार, बडोदे